वाढीचा तक्ता

"बसा, तलातला. मी उतरतेच आहे," असं म्हणून मंडळीतली तोकासा उठली आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली. एवढंच घडलं. पाळकाला बसमध्ये कुणी जागा द्यावी यात नवल काही नव्हतं. तलातला म्हणून हाक मारायची आणि उठून उभं राहायचं, ही इथल्या माणसांची रीतच होती, आणि एरोनीला गेली बावीस वर्षं सगळ्या सुवा शहरात अशी जागा मिळत आली होती. पण तोकासाचं घर आणखी तीन थांबे पुढे होतं, आणि तिच्या शेजारची जागाही रिकामी होती. पाऊस कोसळत होता, बसच्या उघड्या खिडक्यांवर ताडपत्र्या सोडलेल्या होत्या, आणि तिच्याजवळ छत्री नव्हती. ताडपत्रीच्या फटीतून त्याला ती दिसली. ती आडोशाला पळाली नाही. डोक्यावर पिशवीसुद्धा धरली नाही. रस्त्याच्या कडेला बसकडे पाठ करून उभी राहिली आणि बस निघायची वाट बघत राहिली. म्हणजे मागून येणाऱ्या बसनं ती जाणार होती. एरोनी ज्या जागेवर बसला होता ती जागा अजून तिच्या अंगानं ऊबदार होती, आणि ती ऊब त्याला मांड्यांखाली टोचायला लागली, जणू कुणी तोंडावर दार लावलं होतं. आपल्या शेजारी बसण्यापेक्षा या बाईला भिजणं बरं वाटलं. डोक्यात एकदम काहीतरी चढलं. ड्रायव्हरनं गाणी मोठ्यानं लावली होती, ती काही रोजच्यापेक्षा मोठी नव्हती, पण एरोनी ओरडला, "बंद कर रे तो गोंगाट!" गाणं तटकन थांबलं. मागून एक बाई हळूच म्हणाली, "तलातलांचं डोकं दुखतंय वाटतं," आणि दुसरी म्हणाली, "उद्याचं प्रवचन डोक्यात असेल गं." दोघी हसल्या. एरोनीला त्यांचाही राग आला. आणि मग, दोन थांबे गेल्यावर, त्याला आठवलं की उठताना तोकासानं दांडा डाव्या हातानं धरला होता. उजवा हात तिनं पोटाशी घेतला होता. त्याचं मनगट वाकडं जुळलेलं होतं, ओल्या मातीत रोवलेली काठी कलंडावी तसं.

घरी आला तेव्हा त्याची बायको उनाइसी स्वयंपाकघरात कसावा सोलत बसली होती. त्यानं कमरेचा ओला सुलू बदलला, दुसरा गुंडाळला, आणि उगीचच तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तोकासा माझ्याशेजारून उठून गेली बसमध्ये."

"मग?"

"मग काय! एवढ्या पावसात उतरली. घर पुढं असताना."

"भिजायचं असेल तिला."

"थट्टा करू नकोस."

उनाइसीनं सुरी खाली ठेवली. "थट्टा नाही करत. बाई उगीच भिजत नाही, एवढंच म्हणते. तुम्हाला कारण ठाऊक असेल. मला कशाला विचारता?"

तो बाहेर व्हरांड्यात गेला. पाळकघराच्या व्हरांड्यातून समोर चर्चची बाजूची भिंत दिसे, आणि दार उघडं असलं तर आतला तक्ताही दिसे. आज दार उघडं होतं. उद्याच्या उपासनेसाठी बायका चटया झटकत होत्या, त्यांच्या झाडूचे फटके आणि हसणं पावसातून तुकड्यातुकड्यानं ऐकू येत होतं. तक्ता सात फूट उंच होता. त्यावर दालोचं झाड काढलेलं होतं, आपल्या अळवाच्या जातीचं, मोठ्या कानांच्या पानांचं. इथं ज्याच्या परसात चार दालो नाहीत असं घर नाही, म्हणून एरोनीनं मुद्दाम तेच निवडलं होतं. सगळ्यांत खाली कंद, मग कोंब, मग पान, आणि सर्वांत वर पीक. आत्म्याच्या वाढीच्या चार पायऱ्या. मंडळीतल्या प्रत्येक माणसाचं नाव लहानशा चिठ्ठीवर लिहून त्या त्या पायरीवर टाचलेलं. प्रार्थनासभेला किती वेळा आलात, उपास किती केलेत, घरात शास्त्र वाचलं जातं का, गायनात आहात का, सांत्वनाला जाता का, यावरून चिठ्ठी वर सरकायची. तीन वर्षांपूर्वी एका आठवड्यात त्यानं हे सगळं रचलं होतं, आणि रचताना त्याला खरोखर वाटलं होतं की देव आपल्या हातून काही करून घेतो आहे. परिषदेत त्याचं कौतुक झालं. इतर मंडळ्यांनी तक्त्याची नक्कल उतरवून नेली. एका बेटावर दालो नीट येत नाही म्हणून तिथल्या पाळकानं नारळाचं झाड काढलं, यावरून जेवताना सगळे पाळक हसले होते, आणि एरोनी सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. आता त्याला तो तक्ता लांबूनसुद्धा बघवेना. त्याला बापाची आठवण आली. इथल्याच रेवा नदीच्या काठी बापाचे दालोचे वाफे होते. एका वर्षी पानं अशी माजली की माणूस खाली उभा राहिला तर दिसू नये. गाव बघायला आलं. बापानं एक झाड उपटलं, हुंगलं, आणि काही न बोलता बाजूला टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. खालचा कंद मऊ झाला होता, बोट लावलं की आत जाई. वास येत होता. बाप एवढंच म्हणाला होता, "पानांकडं बघत बसलो." एरोनी तेव्हा नऊ वर्षांचा होता. हे आपल्याला तक्ता काढताना कसं आठवलं नाही? बावीस वर्षं आपण माणसांच्या पानांकडं बघत बसलो. पांढरे शुभ्र कपडे, स्वच्छ चटया, वेळेवर आलेले पाय, भरघोस आवाज. कोण कुणाला घरी काय करतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं. त्यालाच आपण सहभागिता म्हणतो. आणि सहन करणं हे आत्म्याचं फळ, असं आपण सांगतो तेव्हा ते फळ फक्त बायकांच्या बाजूच्या चटयांवर का पिकतं? पुरुषांच्या बाकांवर ते कधी कुणी मोजलं? राग आता चढत होता, आणि मजा अशी की त्या रागानं त्याला बरं वाटत होतं. खूप दिवसांत एवढं स्वच्छ काही वाटलं नव्हतं.

तोकासा त्याच्याकडे आली होती. दीड वर्षापूर्वी, एका मंगळवारी दुपारी. उनाइसी माहेरी गेली होती. तो टेबलाशी बसून रविवारचं प्रवचन लिहीत होता आणि विषय धीर हा होता. तोकासा दारात उभी राहिली, आत ये म्हटल्यावर आली, खुर्चीवर बसली नाही, खाली चटईवर बसली. "तो मला मारतो," एवढंच म्हणाली. कसा, कशानं, किती, हे काही नाही. आणि तिनं पुढं काही सांगितलं नाही म्हणून त्याला हायसं वाटलं होतं, हे तो स्वतःपाशी कधी कबूल करत नसे. आज व्हरांड्यात ते आपोआप समोर आलं. त्यानं तिला बीजाची गोष्ट सांगितली. बी मातीत पडतं, अंधार सोसतं, म्हणून उगवतं. तू सोसशील तर तोही एक दिवस उगवेल. टेबलावरच्या कागदावर हीच वाक्यं होती, शाई अजून वाळायची होती. तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि विचारलं, "किती दिवस, तलातला?" तो म्हणाला, देवाची वेळ येईपर्यंत. मग त्यानं प्रार्थना केली. आणि मग ती घरी गेली. या आठवणीत तो नेहमी इथंच थांबे. ती घरी गेली, आणि पुढच्या रविवारी दोघं चर्चमध्ये होती, तिचा नवरा नेमानी नेहमीसारखा खर्जात गात होता, आणि एरोनीनं धीरावर प्रवचन दिलं. लोक म्हणाले, फार मनाला लागलं.

संध्याकाळी, अजून उजेड असताना, फिलिमोनी आला. तो मंडळीचा कारभारी. शाळामास्तर होता, आता निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती तरी बोलताना समोरच्याचं व्याकरण तपासत असल्यासारखा बघायचा. एरोनी त्याला मामा म्हणे. तो ओट्यावर मांडी घालून बसला, पायांवरचं पाणी निपटलं, आणि उद्याच्या उपासनेचा कागद काढला.

"सुरुवातीचं गीत, प्रार्थना, वाचन. मग नेमानीला मंडळीच्या पंचांत वडील म्हणून नेमायचं. तुम्ही हात ठेवायचा, मी शाल घालतो. त्यानंतर प्रवचन. थोडक्यात आवरा बरं का, बायका पहाटे भुईत डुक्कर भाजायला पुरणार आहेत, उशीर झाला की करपतं."

"मामा, नेमानीला नको."

फिलिमोनीनं चष्म्यावरून बघितलं. "काय नको?"

"वडील करायला नको. त्याच्या बायकोचं मनगट बघितलंत?"

"पडली ती. न्हाणीत घसरली."

"कुणी सांगितलं?"

"नेमानीनं."

"आणि तिनं?"

"तिला कोण विचारतंय?" फिलिमोनी हे अगदी सहज म्हणाला, त्यात काही वाईटपणा नव्हता, आणि म्हणूनच एरोनीच्या हाताच्या मुठी वळल्या. "हे बघा तलातला, नवराबायकोच्या चुलीत आपण कशाला लाकूड सारायचं? गोदीत एवढी क्रेन चालवणारा माणूस. घरी आल्यावर आवाज चढतो कधी. माझा नाही चढत? माझ्या म्हातारीला विचारा."

"आवाजानं मनगट मोडत नाही."

"तो पीक या पायरीवर आहे." फिलिमोनीनं चर्चच्या दाराकडे बोट केलं. "गेल्या वर्षापासून. एकही प्रार्थनासभा चुकली नाही. उपास, सांत्वन, गायन, सगळं. आणि ती? कोंब. पानावर होती, तुम्हीच खाली आणलीत, चार महिने महिला सभेला आली नाही म्हणून. तक्ता तुमचा, टाचण्या तुमच्या, आणि आता राग आमच्यावर!"

"तक्ता चुकला."

"असं कसं म्हणता? तीन वर्षं आम्ही पोराबाळांना तो दाखवून वाढवलं. आता म्हणायचं, चुकला? उद्या म्हणाल, देवही चुकला." तो उठला, सुलू झटकला, आणि पायरीवरून उतरताना मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही थकलात. झोपा जरा. नेमानीची आई कादावूहून बोटीनं आलीय उद्यासाठी. म्हातारी ऐंशीची आहे. तिच्या देखत काही नको."

रविवारी ऊन कडक पडलं. चारशे माणसं, इस्त्रीच्या कपड्यांचा आणि खोबरेलाचा वास, फिरणारे आणि काही न करणारे पंखे. एरोनीनं वाचन केलं, पण काय वाचलं ते त्याच्या कानांपर्यंत पोचलं नाही. तो पुरुषांच्या बाकांवरून नजर फिरवत होता. हा गेल्या नाताळात याक्वोना पिऊन तीन दिवस घरी गेला नाही, हा भावाच्या विधवेची जमीन खातो, हा फार चांगला आहे, हा खरोखर चांगला आहे आणि म्हणून तक्त्यावर कंदातच राहिलाय, त्याला गाता येत नाही आणि सभेत झोप येते. मग नेमानी पुढं आला आणि गुडघे टेकून बसला. आडव्या हाडाचा, रुंद, डोळ्यांत सतत हसू. एरोनीला तो नेहमी आवडत आला होता. पाळकघराचं छप्पर वादळात उडालं तेव्हा पहिला वर चढलेला तोच. त्याचा विनोद, त्यानं आणून दिलेले मासे, त्याची ती लहान मुलांना खांद्यावर घेऊन फिरायची सवय. एखाद्या माणसातलं चांगलं खरंच असतं आणि त्याच हाताची मूठही खरीच असते, हे कुठल्या पायरीवर टाचायचं? पहिल्या चटईवर त्याची आई रुमालानं डोळे टिपत होती. तिसऱ्या चटईवर तोकासा होती, खाली बघत. नेमानीनं मान वाकवली. त्याच्या दाट केसांवर तेल चमकत होतं. एरोनीनं हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

"मी हा हात ठेवणार नाही," तो म्हणाला.

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आणि मग तो बोलत सुटला. या माणसाची बायको दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आली होती. नवरा मारतो म्हणाली. मी तिला सांगितलं, सहन कर. तिचं मनगट बघा. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, आणि न्हाणी म्हणालात. तो व्यासपीठावरून उतरला, भिंतीपाशी गेला, तक्त्याचा कोपरा धरून ओढला. कागद फाटण्याचा आवाज लांबलचक झाला. टाचण्या फरशीवर उडाल्या. "ही वाढ नाही!" तो ओरडत होता. "आत सडलंय आणि आपण पानं मोजतोय! मी मोजतोय! तीन वर्षं!" आपला आवाज छपराला लागतो आहे हे त्याला जाणवत होतं, आणि त्यात एक सुख होतं, तहानलेल्या माणसानं घटाघटा प्यावं तसं. तेवढ्यात फिलिमोनीनं गीत उचललं. नुसता उभा राहिला आणि पहिली ओळ उचलली, शाळेत घंटा द्यावी तशी. बायकांनी वरचा सूर धरला, पुरुषांनी खालचा, आणि चारशे गळे एका क्षणात एक झाले. एरोनी ओरडत राहिला. त्याला आपला जबडा हलतोय एवढंच कळत होतं. शब्द तोंडातून निघत आणि त्या गाण्याच्या भिंतीवर पुसून जात. किती सुंदर गात होते ते. एकही सूर हलला नाही. आणि व्यासपीठापाशी, अजून गुडघ्यावर बसलेला, डोळे मिटलेला नेमानी खर्जात गात होता. गाणं संपलं तसं त्यांनी दुसरं सुरू केलं.

तो मागच्या दारानं पाळकघरात आला. शर्ट पाठीला चिकटला होता. आपण बदललो, असं त्याला वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो. ते आपल्याला इथून काढतील, एखाद्या लांबच्या बेटावर धाडतील, धाडू देत. तो लोटाभर पाणी प्याला. उनाइसी मागून आत आली. तिनं टोपी काढून खुंटीला अडकवली.

"बघितलंस ना? गाऊन बुजवलं मला. गाऊन!"

"बघितलं."

"एक माणूस उठला नाही."

"तोकासा कुठं गेली?" उनाइसीनं विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. त्यानं बघितलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी तोकासाच आली. मागच्या दारानं, स्वयंपाकघरात. रात्र तिनं नाबुआला मावसबहिणीकडे काढली होती, अंगावर तिचाच सैल झगा होता. उनाइसीनं चहा ठेवला. तोकासानं कपाला हात लावला नाही. एरोनी आत आला तेव्हा त्यानं तोंडभर काहीतरी म्हणायची तयारी केली होती, धैर्याबद्दल, देवाबद्दल, पण ती आधी बोलली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"काय?"

"माझं नाव घ्यायला. चारशे माणसांत. सासूसमोर." तिचा आवाज चढलेला नव्हता, ती एकेक शब्द दातांनी तोडत होती. "मी बहिणीपाशी कपडे नेऊन ठेवत होते, तलातला. थोडे थोडे. पिशवीतून. पाच आठवडे. दोन आठवड्यांत मी लबासाच्या बोटीवर बसले असते, कुणाला कळलं नसतं. परवा बहीण भेटली नाही, म्हणून बसमध्ये पिशवीत तेच परत आणत होते. तुम्ही शेजारी बसला असतात तर विचारलं असतंत, काय नेतेस? म्हणून उतरले."

"मला माहीत नव्हतं."

"विचारलंत कुठं? तेव्हा नाही विचारलंत, काल नाही विचारलंत. तेव्हा तुम्हीच ठरवलंत, मी सोसायचं. काल तुम्हीच ठरवलंत, मी सोसायचं नाही. तुम्हाला ओरडून बरं वाटलं असेल. मला आता घरातलं काही आणता येत नाही. आईचा फोटो तिथंच राहिला."

एरोनीला राग आला. एवढं करून हे ऐकायचं! तो क्षणभर खरोखर चिडला, तोंड उघडलंही, आणि मग त्याला उनाइसी दिसली. ती ओट्याला टेकून त्याच्याकडे बघत होती, हाताची घडी घालून, आणि तिच्याही चेहऱ्यावर राग होता; आजचा नव्हे, फार जुना, घरात इतकी वर्षं वावरलेला आणि त्यानं कधी नाव न विचारलेला. त्यानं तोंड मिटलं. खुर्ची ओढून बसला, मग उठला आणि खाली चटईवर बसला.

"काय करू सांग," तो म्हणाला.

"पोलिसांत चला. मी एकटी दोनदा गेले होते. म्हणाले, साक्षीदार कोण? घरातली भांडणं घरात मिटवा. काल तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, आता कागदावर बोला."

"चल."

"मीही येते," उनाइसी म्हणाली आणि तिनं टोपी उचलली.

चौकीत टेबलामागं शालेश्नी नावाची हवालदार होती, पंचविशीची, केस घट्ट बांधलेली, टेबलावर रोटीचा डबा आणि जाड वही. तिनं तोकासाचं सगळं लिहून घेतलं. त्याला दोन तास लागले. मनगट कधीचं, दात कधीचा, इस्त्री कधीची. एरोनी बाकावर बसून ऐकत होता. दीड वर्षापूर्वी तिनं सांगितलं नाही आणि त्याला हायसं वाटलं ते सगळं आता तारीखवार समोर येत होतं, आणि प्रत्येक तारखेला आपण कुठं होतो हे त्याला आठवत होतं. या दिवशी परिषद होती. या दिवशी नेमानीनं मासे आणून दिले. मग शालेश्नीनं नवीन पान उलटलं. "हां, पाद्रीसाहेब. तुम्ही बोला. ही तुमच्याकडे कधी आली?"

त्यानं तारीख सांगितली. ती काय म्हणाली ते सांगितलं. आपण काय म्हणालो तेही, बीज आणि अंधार सगळं. तिनं ते न थांबता लिहिलं, तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मग?"

"मग ती घरी गेली."

"मी गेले नाही," तोकासा म्हणाली. "सगळं सांगा ना."

बाकावर उनाइसीनं मान वळवली.

"मी नेऊन सोडली," एरोनी म्हणाला. "चर्चच्या गाडीतून. ती येत नव्हती. मी हाताला धरून गाडीत बसवली. नेमानी घरी होता. मी त्याला सांगितलं, ही माझ्याकडे आली होती, तिनं मन मोकळं केलंय, आता दोघं मिळून नवी सुरुवात करा. तो म्हणाला, हो तलातला. त्यानं मला चहा दिला. आम्ही तिघांनी हात धरले, प्रार्थना केली. मग मी निघालो."

"मग?"

"फाटकापर्यंत आलो. गाडीत बसलो. आतून आवाज आला."

"कसला?"

"खुर्ची पडल्याचा. मग हिचा."

शालेश्नीचं पेन थांबलं नाही. "मी गाडीच्या आवाजाकडे कान लावून होते," तोकासा भिंतीकडे बघत म्हणाली. "ती बराच वेळ सुरूच झाली नाही. मला वाटलं, तुम्ही परत आत येताय."

चौकीत फोन वाजत होता, तो कुणी उचलला नाही. उनाइसी अजून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्याकडे बघणं त्याला शक्य नव्हतं. परवापासून अंगात पेटलेलं ते सगळं, फिलिमोनीवरचं, बाकांवरच्या माणसांवरचं, गाण्यावरचं, त्यानं चाचपून बघितलं. ते आता ज्याच्यावर धरावं असा दुसरा माणूस शिल्लक नव्हता.

"किती वेळ थांबला होतात गाडीत?" शालेश्नीनं विचारलं.

"दहा मिनिटं असतील."

"काय करत होतात?"

"प्रार्थना."

तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. "हे लिहू?"

"लिहा," तो म्हणाला.